पाटाकडचा पुदिना

दुसऱ्या कापणीला चार दिवस राहिले असताना तेल खरेदी केंद्रावरून निरोप आला, की यंदा तेल घेण्याआधी प्रत्येकाच्या रानातली झाडं तपासली जाणार आहेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला एकाच जातीचं तेल हवं होतं. प्रयोगशाळेतली बाई येणार, रानात पुदिन्याच्या जितक्या जाती असतील तितक्यांचं तेल वेगवेगळं काढून नेणार आणि कुठल्या जातीत काय आहे ते ताडून बघणार. बांधावरचं, जुनं, रानटी, काहीही लपवायचं नाही. धाकट्यानं निरोप ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळ खांद्यावर टाकून तो पाटाकडे निघाला.

गाव त्याला अजून धाकटाच म्हणायचं. वय चाळिशीला टेकलं होतं, थोरला भाऊ जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण लोकांच्या तोंडात बसलेलं नाव कोण उठवणार?

पाटाच्या कडेला दहा पावलं लांब आणि दोन पावलं रुंद असा एक पट्टा होता. आईनं कधीकाळी कुठूनसं मूठभर रोप आणून तिथं खोचलं होतं. रानातल्या पुदिन्यासारखाच तो पुदिना, फक्त देठ तांबूस आणि पान जरा गुळगुळीत. चुरडलं तर वास मात्र निराळा, संत्र्याच्या सालीजवळ जाणारा. आई ती पानं कपड्यांच्या पेटीत ठेवायची. तीन वर्षांत त्या पट्ट्याला कुणी विळा लावला नव्हता, त्यामुळं तो गुडघाभर माजला होता आणि त्याचे धुमारे पाटाच्या काठावरून खाली लोंबत होते.

धाकट्यानं कुदळ उतरवली, तेव्हा त्याला पलीकडे वहिनी दिसली. पाटाच्या दगडावर बसून ती विळ्याला धार लावत होती. थोरला गेल्यापासून ती धाकट्याच्याच रानात रोजानं कापणीला येत असे, आणि इतर बायकांच्या अर्धा तास आधी येत असे, म्हणजे कुणी काही म्हणायला जागा राहू नये.

"इतक्या सकाळी कुदळ?" तिनं विचारलं.

"पाट तुंबलाय, म्हटलं मोकळा करावा."

वहिनीनं पायाखाली बघितलं. पाणी तिच्या घोट्यांना वळसा घालून खळखळ चाललं होतं. अंगठा पात्यावरून फिरवून तिनं धार पाहिली आणि ती म्हणाली, "येऊ दे त्या बाईला. सासूबाईंनी लावलेलं रोप आहे. काय आहे त्यात ते कळू दे एकदा."

धाकटा कुदळ पुन्हा खांद्यावर घेऊन, जसा आला तसा परत गेला. वाटेत त्याला उगाचच वाटत राहिलं, की कुणीतरी आपल्या मागून चालतंय आणि आपण थांबलो की तेही थांबतंय.

हे असं तीन वर्षं चाललं होतं. भट्टी पेटली, हंड्यातली पानं शिजायला लागली आणि थंड टाकीतून आलेल्या नळीच्या तोंडाशी पहिलं तेल तरंगलं, की त्याला तो वास यायचा. पुदिन्याचा झणझणीत वास पुढं, आणि त्याच्या मागे, दाराआड उभ्या माणसासारखा, संत्र्याच्या सालीचा. रानातून तर फक्त नवीन जातीचाच पुदिना येत होता. त्यानं बायकोला दोनदा विचारलं. तिनं डबा नाकाशी धरला आणि सांगितलं, "पुदिना आहे हो, दुसरं काय असणार?" तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी भट्टी थोरल्याच्या हाती होती. आगीची त्याला अशी नजर होती, की झाकणाला नुसता हात लावून तो आत किती पाणी उरलंय ते सांगायचा. त्या साली रानातलं पीक रोगानं बसलं, तेल कमी भरलं, म्हणून थोरल्यानं पाटाकडचा पट्टा कापला, लहान हंड्यात वेगळा शिजवला आणि ते तेल मोठ्या कॅनमध्ये ओतलं. ओतताना धाकट्यानं पाहिलं. त्याच सकाळी थोरल्यानं चार मजुरांसमोर त्याला झापलं होतं, की पंधरा वर्षं झाली तरी तुला जाळ कळत नाही. तो राग धाकट्याच्या नाकावर होता.

महिन्यानं केंद्रावरून बोलावणं आलं. तेलात नको तो घटक निघाला होता. केंद्रवाल्यानं कागद टेबलावर आपटला आणि सगळ्या रांगेसमोर विचारलं, बाजारातलं अत्तर कुणी ओतलं? थोरला म्हणाला, ओतलं ते पानाचंच तेल आहे, माझ्याच रानातलं. केंद्रवाला धाकट्याकडे वळला. धाकटा म्हणाला, "दादानं लहान डब्यातून काहीतरी ओतलं, हे मी पाहिलं. काय होतं ते मला माहीत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं नव्हतं. डब्याचा वास सगळ्या भट्टीभर सुटला होता आणि आईच्या पेटीचा वास तो झोपेतही ओळखला असता.

घरी परतताना थोरल्यानं एकच विचारलं, "तुला वास आला नाही का रे?"

"नाही," धाकटा म्हणाला.

त्यानंतर थोरल्याचं नाव केंद्राच्या यादीतून गेलं आणि भट्टी धाकट्याच्या नावावर झाली. गावात भेसळवाला हा शब्द थोरल्याच्या मागे असा चिकटला, की दुकानात दूध मागायला गेला तरी कुणीतरी विचारायचं, पाणी आम्ही घालू की तू घालशील? लोक हसायचे, तोही थोडं हसायचा. मग तो तीन कोसांवर दुसऱ्याच्या भट्टीवर राख ओढायच्या कामाला लागला. ती भट्टी जुनी होती, झाकणाचे खिळे गेलेले. एका दुपारी झाकण उडालं आणि वाफ त्याच्या छातीवर आली. अकरा दिवस तो खाटेवर होता. धाकटा रोज जाऊन पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचा. थोरला डोळे उघडून त्याच्याकडे बघायचा, पण जुनं काही काढायचा नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

तपासणीवाली बाई ठरल्या दिवशी आली. पोरसवदा होती, जाड भिंगाचा चष्मा, पायात चिखलाचे बूट आणि हातात वजनकाट्याची पेटी. बोलायला मोकळी. तिच्यामुळं कुणाला दडपण आलं नाही, एका धाकट्याशिवाय. तिनं रानात फिरून तीन जाती वेगळ्या काढल्या. मधली नवीन, बांधावरची जुनी आणि पाटाकडची. पाटाकडच्या पट्ट्याशी ती उकिडवी बसली, एक पान चुरडून नाकाशी नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"हे कुणी लावलं?" तिनं विचारलं.

"आमच्या सासूबाईंनी," वहिनी मागून म्हणाली.

बाईचा नियम असा, की तिन्ही एकाच सकाळी कापायचे, दव उडाल्यावर. तिन्ही सावलीत सारखाच वेळ सुकवायचे, सारख्याच वजनाचे घ्यायचे आणि सारख्याच वेळात शिजवायचे. एवढं सारखं ठेवलं तर जो फरक उरेल तो झाडाच्या जातीचा, माणसाच्या हाताचा नव्हे, असं ती म्हणाली. कापायला वहिनी बसली. ती मुळापासून चार बोटं वर विळा लावायची, मूठ भरली की मागे न बघता टाकायची, आणि तिच्या मागे जुड्यांची एकसारखी ओळ पडत जायची. पाठीचा कणा कपड्यातून मोजता यावा इतकी ती वाळली होती.

लहान हंडा धाकट्यानंच मांडला. पानं भरून पायानं दाबली, झाकण बसवलं, फटीला मळलेली माती लिंपली आणि खाली बारीक जाळ धरला. नवीन जातीचं तेल निघालं, बाईनं ते एका बुटक्या बाटलीत भरून चिठ्ठी लावली. मग बांधावरच्या जातीचं. प्रत्येक वेळी हंडा राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं तीनदा विसळून पुन्हा मांडायचा. तिसऱ्या वेळेला पाटाकडची पानं आत गेली तेव्हा दुपार कलली होती. नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला आणि वास सुटला.

धाकट्याची बायको पाणी आणून ओतत होती, ती घागर टेकवून थांबली. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "हा तर सासूबाईंच्या पेटीचा वास." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जाळात लाकूड सारत होता. लाकूड पुरेसं होतं, तरी तो सारतच राहिला आणि भट्टी फुसफुसायला लागली. बाईनं जाळ कमी करायला सांगितलं.

काम संपल्यावर, बाई बाटल्या पेटीत ठेवत असताना, धाकट्यानं मोठ्या कॅनमधलं पहिल्या कापणीचं तेल तिच्यापुढं धरलं. यातही काही वेगळं लागतंय का बघा, असं तो म्हणाला. तिनं वास घेतला, मान हलवली. साधा पुदिना वाटतो, पण तपासून घेते म्हणाली, आणि चौथी बाटली भरून नेली.

निकाल यायला अठरा दिवस लागले. त्या दिवसांत रानातली निम्मी कापणी झाली, भट्टी रोज पेटली, आणि धाकट्याला तो वास आता जेवताना, आंघोळीच्या पाण्यात, पोत्याच्या तोंडाशी येऊ लागला. जेवण कमी झालं. भट्टीजवळच्या ओंडक्यावर थोरला बसायचा, तिथं कुणी पोतं ठेवलं तर धाकटा ते मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवायचा. बायकोनं दोनदा विचारलं, तुम्हाला झालंय तरी काय. त्यानं पोटाचं सांगितलं. ती ओव्याचं पाणी घेऊन आली आणि तो पिईपर्यंत समोर उभी राहिली.

एकोणिसाव्या दिवशी बाई कागद घेऊन आली. ओसरीवर चटई टाकली. वहिनीला बोलवायची गरज पडली नाही. घराचा अर्धा भाग तिचा, मध्ये एक भिंत. आवाज ऐकून ती आपणहून आली आणि खांबाशी बसली.

बाईनं समजावून सांगितलं. यंत्रात तेलाचा एक थेंब सोडायचा. तो तापून वाफ होतो आणि एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून धावतो. तेलात जितके घटक, तितके धावणारे. प्रत्येकाची पोचायची वेळ ठरलेली. जो पोचला त्याचा कागदावर एक सुळका उठतो. जितका घटक जास्त तितका सुळका मोठा. तिनं पहिला कागद दाखवला, नवीन जातीचा. त्यावर पुदिन्याला थंडावा देणाऱ्या मेंथॉलचा एकच उंच सुळका होता, बाकी सगळी झुडपं. बांधावरच्या जातीचंही तसंच, थोडं बुटकं. मग तिनं पाटाकडचा कागद टाकला. मेंथॉलच्या जागी जवळजवळ काही नव्हतं. त्या जागेच्या अलीकडे मात्र दोन सुळके भावाभावांसारखे शेजारी उभे होते. एक लिनालूल नावाच्या सुगंधी घटकाचा, दुसरा त्याच्याच सोबत्याचा. दिसायला पुदिना, पण आतून वेगळंच झाड, असं ती कौतुकानं म्हणाली.

"आणि कॅनमधलं?" धाकट्यानं विचारलं.

"त्यात यातलं काहीच नाही. शुद्ध नवीन जात. तुम्हाला कशाचा वास येत होता?"

यंत्राला जे सापडत नाही ते आपल्याला तीन वर्षं रोज कुठून येत होतं, हे धाकट्याला बसल्या जागी कळलं.

वहिनी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चार घड्यांचा एक कागद होता, घड्यांवर विरलेला. "हा तीन वर्षांपूर्वीचा," ती म्हणाली. "यावरूनच आमच्या माणसाला भेसळवाला म्हटलं. तेवढं जुळवून बघाल का?"

बाईनं तो उलगडला. तिच्याच प्रयोगशाळेचा शिक्का होता, यंत्रही तेच. तिनं पाटाकडचा कागद त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही उजेडाकडे धरले. सुळक्यांमागून सुळके बरोबर बसले. जुन्या कागदावर मेंथॉल भरपूर होतं, पण अलीकडचे ते दोन भाऊ त्याच जागी, एकमेकांशी त्याच प्रमाणात उभे होते. तिनं पट्टी लावून दोन्हीकडचे मोजले आणि पुन्हा मोजले.

"यावर भेसळ असं कुठं लिहिलंय?" ती म्हणाली. "इतर घटक जास्त, एवढंच आहे. बाटलीतलं विकत आणून ओतलं असतं तर हा लिनालूल एकटाच आला असता. इथं याच्या मागेपुढे याची सगळी भावकी हजर आहे, अगदी बारीकसारीक सुद्धा. हे पानातूनच आलंय. याच पानातून."

बायकोनं तोंडावर हात ठेवला होता. वहिनी त्या दोन कागदांकडे बघत होती. धाकट्याला वाटलं, आता ती आपल्याकडे बघेल. ती बघेना. ती बघत नाही हेच त्याला सोसवेना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "वहिनी, मला तेव्हाच माहीत होतं. डब्याचा वास मला आला होता."

"ते मला त्याच संध्याकाळी कळलं," वहिनी म्हणाली. "तू जेवताना मान वर केली नाहीस. तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला जेवायला वाढतेय. तू कधी खोटं बोललास हे मला ताटावरून कळतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी ह्यांना म्हटलं, चला, मी सांगते केंद्रावर. ते म्हणाले, त्याचं त्याला सांगू दे. वाट बघू." ती कागदाची घडी घालू लागली, जुन्याच रेघांवरून. "वाट बघितली त्यांनी. खाटेवर अकरा दिवस सुद्धा बघितली. तू वारा घालायचास, आणि तू उठून गेलास की ते विचारायचे, बोलला का काही तुझ्याशी?"

तपासणीवाली बाई पोरसवदा होती खरी, पण शहाणी होती. बूट हातात घेऊन ती अंगणात गेली आणि तिथंच घालत बसली.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर तेल घालायचा वार होता. धाकटा रिकाम्या हातानं गेला. वहिनी दहा पावलं मागून आली, दोन्ही कागद घेऊन. रांगेत वीसेक माणसं कॅन घेऊन उभी होती. धाकट्याचा नंबर आला तेव्हा केंद्रवाल्यानं कॅन कुठाय म्हणून विचारलं. धाकट्यानं वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर हात टेकला आणि जे होतं ते सांगितलं. दादानं ओतलं ते पाटाकडच्या पुदिन्याचं तेल होतं, मला ते माहीत असून मी माहीत नाही म्हणालो. बोलताना तो हातावर भार देत होता आणि काटा खालीवर होत होता.

त्याला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. केंद्रवाल्यानं पेन कानामागे खोचलं आणि तो म्हणाला, "अरे, माणूस जाऊन दीड वर्ष झालं. आता हे उकरून कुणाचं भलं होणार? मागे रांग आहे."

रांगेतला एकजण खोकला. दुधावरून टोमणा मारणारा दुकानदारही तिथंच होता. तो खाली बघून कॅनचं बूच फिरवत राहिला. वहिनी पुढं आली. तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर तळहात ठेवला.

"यादीत नाव परत लिहा," ती म्हणाली.

"मेलेल्या माणसाचं नाव यादीत कसं लिहू, बाई?"

"जिवंतपणी काढलंत ना, तसंच लिहा. नंतर पुढं मयत लिहा."

केंद्रवाल्यानं रांगेकडे पाहिलं. रांगेतून कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. त्यानं वही उघडली, तीन वर्षांपूर्वीचं पान शोधलं आणि विचारलं, कसं लिहू. वहिनीनं नवऱ्याचं नाव पूर्ण सांगितलं, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, एकेक अक्षर सुटं करून, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. लिहून झाल्यावर तिनं वही फिरवून वाचली. मग धाकट्याचं नाव त्या हंगामापुरतं थांबवल्याचं केंद्रवाल्यानं सांगितलं, खोटी साक्ष दिली म्हणून. धाकट्यानं मान हलवली.

घरी गेल्यावर बायको दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. तेल अडकलं म्हणून नव्हे. संध्याकाळी ताट सरकवताना एवढंच म्हणाली, की भावोजी माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस बैलगाडी जुंपून दारात उभे होते, हे तुम्हाला त्या दिवशी आठवायला हवं होतं.

पुढच्या सकाळी वहिनी कापणीला आली नाही. बायका विचारू लागल्या, तेव्हा धाकटा तिला शोधत पाटाकडे गेला. ती एकटी तो तांबूस पट्टा कापत होती. तपासणीवाल्या बाईनं ते तेल वेगळं घ्यायचं कबूल केलं होतं, वहिनीच्या नावावर. धाकटा काठावर उभा राहिला. त्याच्याकडेही विळा होता. तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि कापू लागला. वहिनीनं एकदा मान वळवून पाहिलं. नको म्हणाली नाही, ये सुद्धा म्हणाली नाही. ऊन चढेपर्यंत पात्यांचा आवाज दोन्हीकडून येत राहिला, तिचा सावकाश आणि सारखा, त्याचा अडखळत.

दोघांमध्ये चार हात उरले तेव्हा ती उठली आणि आपल्या जुड्या गोळा करू लागली. तिनं भारा बांधला, गुडघा देऊन आवळला. भारा मोठा झाला होता. ओल्या पानाचं वजन कळत नाही. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून तिनं तो एकटीनं उचलून पाहिला. कमरेपर्यंत आला आणि सुटला. पुन्हा उचलला, पुन्हा सुटला. तिनं पाटापलीकडे पाहिलं, रानाकडे पाहिलं. बायका लांब होत्या, हाक पोचली नसती. तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"हात लाव," शेवटी ती म्हणाली.

धाकट्यानं विळा टाकला. दोन्ही हात भाऱ्याखाली घातले, गुडघे वाकवले आणि भारा तिच्या डोक्यावर चढवला. उचलताना त्याचं तोंड त्या पानांत गेलं. तिनं मान सरळ केली, एका हातानं भारा सावरला आणि पाटाच्या काठानं भट्टीकडे निघाली. ती बांधाला वळून दिसेनाशी झाली, तरी धाकटा तिथंच उभा होता, भारा गेल्यावरही हात तसेच वर धरून.